फाइल उघडत नाही म्हणजे नेमकं काय होतंय?

सांगलीत आता घरोघरी कॉम्प्युटर आहेत, एमएससीआयटीची सर्टिफिकेटं लॅमिनेट होऊन कपाटात पडलीत, तरी "फाइल ओपन होईना" हे वाक्य काय कमी झालेलं नाही. खरंतर या एका वाक्याच्या आत चार-पाच वेगवेगळे प्रॉब्लेम असतात. फाइल सापडतच नसते, किंवा सापडते पण ती उघडणारं सॉफ्टवेअर नसतं, किंवा सॉफ्टवेअर असतं पण विंडोज भलत्यालाच बोलवतंय, किंवा उघडते पण मराठीच्या जागी चित्रविचित्र चिन्हं दिसतात, नाहीतर फाइल अर्धीच आलेली असते. यातला कुठला प्रॉब्लेम आहे हे न बघता बरेच जण सरळ सीपीयू उचलून दुकानात नेतात आणि तिथनं "विंडोज मारायला लागतंय", म्हणजे जुनं पुसून विंडोज नव्यानं टाकायला लागतंय, असं उत्तर येतं, आणि विंडोज मारल्यावर डेस्कटॉपवरचं सगळं गेलं की मग रडारड. खालचं सगळं विंडोज 10 आणि 11 धरून लिहितोय, घरी बहुतेकांकडं तेच असतं.

आधी फाइल म्हणजे काय ते बघू. फाइल म्हणजे डिस्कवर एकापाठोपाठ लिहिलेले नुसते आकडे, प्रत्येक आकडा 0 ते 255 मधला, त्याला बाइट म्हणतात. पोरीच्या बारशाचा फोटो असू दे, सातबारा असू दे नाहीतर कारखान्याच्या बिलाची एक्सेल, डिस्कला यातला फरक कळत नाही. आकड्यांचा अर्थ लावायचं काम प्रोग्रामचं. फोटो बघायचा प्रोग्राम त्या आकड्यांचे रंग करतो, वर्ड त्याच्या ओळी करतो, प्लेअर त्याचा आवाज करतो. म्हणजे फाइल उघडतो तो प्रोग्राम, विंडोज नाही. तुम्ही डबल क्लिक केलं की विंडोज एवढंच ठरवतं की कुणाला हाक मारायची, आणि ते ठरवताना फाइलच्या आत काय आहे ते बघतसुद्धा नाही, फक्त नावातल्या शेवटच्या टिंबाच्या पुढची अक्षरं बघतं. डॉट पीडीएफ असेल तर अमुक, डॉट जेपीजी असेल तर तमुक, असा एक तक्ता त्याच्याकडं असतो, बस. त्या शेपटीला एक्स्टेंशन म्हणायचं.

म्हणून नाव बदलून फाइल बदलत नाही. मार्केट यार्डात पोत्यावर राजापुरीची चिठ्ठी डकवली म्हणून आतली हळद राजापुरी होत नाही, तसंच वर्डच्या फाइलचं नाव बदलून पुढं डॉट पीडीएफ केलं की पीडीएफ होत नाही, उलट विंडोज ती पीडीएफवाल्याकडं देतं, तो आत बघतो आणि फाइल खराब आहे म्हणून परत पाठवतो. फाइल खराब नसते. नाव पूर्वीसारखं केलं की उघडते. पीडीएफ पाहिजे असेल तर वर्डमध्ये उघडून 'सेव्ह ॲज'मध्ये जाऊन पीडीएफ निवडायला लागतं, तेव्हा आतले आकडे खरोखर नव्यानं लिहिले जातात. नोकरीचे ऑनलाइन फॉर्म भरताना "फक्त जेपीजी चालेल" असं आलं की पोरं हाच उद्योग करतात, आणि गंमत अशी की फोटोच्या बाबतीत तो कधीकधी चालूनही जातो, कारण फोटो उघडणारे बरेच प्रोग्राम शेपटीवर विश्वास न ठेवता आत बघून घेतात. त्यामुळं लोकांचा समज आणखी पक्का होतो.

आता ही शेपटी विंडोज तुम्हाला दाखवतच नाही. ओळखीच्या प्रकारांची एक्स्टेंशन लपवून ठेवायची ही त्याची मुळातली सेटिंग, आणि माझ्या मते विंडोजमधली सगळ्यात वाईट सेटिंग हीच. मे 2000 मध्ये 'आय लव्ह यू' नावाचा व्हायरस जगभर पसरला तो याच्याच जोरावर, मेलमधल्या फाइलचं नाव होतं 'लव्ह लेटर फॉर यू डॉट टीएक्सटी डॉट व्हीबीएस', शेवटचं व्हीबीएस लपलेलं, लोकांना वाटलं साधी टेक्स्ट फाइल आहे, उघडली, आणि तो स्क्रिप्ट चालू होऊन त्यांच्या ॲड्रेस बुकातल्या सगळ्यांना गेला. पंचवीस वर्षं झाली, ही सेटिंग अजून तशीच. 'बिल डॉट पीडीएफ डॉट ईएक्सई' अशी फाइल, म्हणजे खरं तर एक प्रोग्राम, आली तर तुम्हाला नुसतं 'बिल डॉट पीडीएफ' दिसणार. मोबाइलवर हल्ली लग्नपत्रिका नाहीतर आरटीओचं चलान म्हणून व्हॉट्सॲपवर डॉट एपीके येतं तो याचाच भाऊ, पत्रिका कधी एपीके नसते, एपीके म्हणजे ॲप. तर पहिलं काम हे करा: विंडोज 11 मध्ये कुठलंही फोल्डर उघडून वर 'व्ह्यू', मग 'शो', मग 'फाइल नेम एक्स्टेंशन्स' वर टिक. विंडोज 10 मध्ये 'व्ह्यू' टॅबमध्येच तो चौकोन आहे. एकदा केलं की कायमचं.

शेपटीच नसलेली फाइल आली तर? तसं होतं बरं का, जुन्या सीडीतनं नाहीतर मॅकवाल्याकडनं. तर ती नोटपॅडमध्ये उघडायची. कचरा दिसणार, घाबरायचं नाही, फक्त अगदी सुरुवातीची अक्षरं बघायची आणि सेव्ह न करता बंद करायचं, हे महत्त्वाचं, कारण नोटपॅडमधनं सेव्ह केलं की कामातनं गेली. सुरुवातीला टक्क्याचं चिन्ह आणि पुढं इंग्रजीत पीडीएफ असं दिसलं तर ती पीडीएफ. पी आणि के ही दोन अक्षरं दिसली तर ती झिप, फिल कॅट्झ नावाच्या माणसानं झिपचा प्रकार काढला त्याच्या नावाची ती अक्षरं. आणि पीके दिसलं तरी ती वर्ड किंवा एक्सेलची फाइल असू शकते, कारण ऑफिस 2007 पासूनची डॉकएक्स आणि एक्सएलएसएक्स म्हणजे मुळात झिपच आहे. खोटं वाटत असेल तर वर्डच्या एखाद्या फाइलची कॉपी करा, कॉपीचं एक्स्टेंशन झिप करा आणि उघडा, आत 'वर्ड' फोल्डर, त्यात 'मीडिया' फोल्डर आणि त्यात त्या डॉक्युमेंटमधले सगळे फोटो सुटे सुटे. कुणी फोटो वर्डमध्ये चिकटवून पाठवले असतील, आणि लोक पाठवतात, तर एकेक राइट क्लिक करून सेव्ह करण्यापेक्षा हे बरं.

फाइल बरोबर आहे पण भलत्याच प्रोग्राममध्ये उघडते, हा त्या तक्त्याचा प्रॉब्लेम. फाइलवर राइट क्लिक, 'ओपन विथ', 'चूज अनदर ॲप', पाहिजे तो प्रोग्राम निवडा आणि 'ऑलवेज' दाबा. एवढंच आहे. पीडीएफ एज या विंडोजच्या ब्राउझरमध्ये उघडतात अशी तक्रार रोज कुणीतरी करतं, विंडोजनं तक्त्यात मुळातच एज लिहून ठेवलंय म्हणून तसं होतं, वाचायला एजही काही वाईट नाही. पण डिजिटल सहीचा सातबारा नाहीतर ई-आधार असेल आणि सही तपासायची असेल तर ॲडोबी रीडरमध्ये उघडा. तिथं सहीवर पिवळं प्रश्नचिन्ह दिसलं म्हणजे कागद बोगस असं नाही, त्या सर्टिफिकेटवर विश्वास ठेवायचा का हे तुमच्या कॉम्प्युटरला अजून कुणी सांगितलेलं नसतं इतकंच, सहीवर क्लिक करून तिच्या प्रॉपर्टीजमध्ये जाऊन ते सांगता येतं. आणि ई-आधार पासवर्ड मागतंय म्हणून अडलं असेल तर नावाची पहिली चार अक्षरं इंग्रजी कॅपिटलमध्ये आणि पुढं जन्मसाल.

आयफोनवाल्या पाहुण्यांनी पाठवलेले फोटो उघडत नाहीत त्याचं कारण 2017 पासून आयफोन फोटो एचईआयसी प्रकारात साठवतो. जागा निम्मी लागते, चांगलंय, पण जुन्या विंडोजला ते वाचता येत नाही. पाहुण्यांनाच सांगा, सेटिंग्जमध्ये कॅमेरा, मग फॉरमॅट्स, मग 'मोस्ट कॉम्पॅटिबल', पुढचे फोटो जेपीजीत येतील.

आता एक प्रकार असा की फाइल उघडते, छान उघडते, आणि उघडल्यामुळंच वाट लागते. डॉट सीएसव्ही. दूध संस्थेची नाहीतर पतसंस्थेची यादी बऱ्याचदा या प्रकारात येते. सीएसव्ही म्हणजे साधा मजकूर असतो, मध्ये स्वल्पविराम टाकून रकाने केलेले, आत कुठंही लिहिलेलं नसतं की हा रकाना खातेनंबरचा आहे का रकमेचा. डबल क्लिक केलं की ती एक्सेलमध्ये उघडते आणि एक्सेल सगळं आपल्या मनानं ठरवतं. खातेनंबर 0 नं सुरू होत असेल तर तो 0 गायब, कारण रकमेच्या सुरुवातीच्या शून्याला काही किंमत नसते. नंबर लांब असेल तर 1.23 च्या पुढं ई प्लस असलं काहीतरी दिसतं. आणि नंबर 15 आकड्यांपेक्षा मोठा असेल तर पुढचे सगळे आकडे एक्सेल शून्य करतं, कारण त्याला संख्येचे 15 च आकडे धरून ठेवता येतात. गट नंबर 3/4 असेल तर त्याची तारीख होते. तोवर फाइल शाबूत असते, नुसतं दिसायला बिघडलेलं असतं. पण तुम्ही कंट्रोल एस दाबलं की ते बिघडलेलं फाइलमध्ये लिहिलं जातं, आणि मग कुणाचे पैसे कुणाच्या खात्यावर जातील हे गणपतीलाच ठाऊक. म्हणून सीएसव्हीवर डबल क्लिक नको. रिकामी एक्सेल उघडा, 'डेटा' टॅबमध्ये 'फ्रॉम टेक्स्ट/सीएसव्ही', फाइल निवडा, 'ट्रान्सफॉर्म डेटा' वर जा आणि खातेनंबरच्या रकान्याचा प्रकार 'टेक्स्ट' करा. दोन मिनिटं जास्त लागतात, लागू देत.

याच सीएसव्हीत नावं मराठीत असली तर दुसरी भानगड. इंग्रजी ए या अक्षरावर तिरकी रेघ आणि शेजारी चार काट्यांचा गोळा, तेच तेच परत परत, असं काहीतरी सगळ्या रकान्यात दिसतं. हे दिसलं तर खूश व्हा, कारण फाइल एकदम चांगली आहे. युनिकोड म्हणजे सगळ्या लिप्यांच्या अक्षरांना ठरवून दिलेले आकडे, ते फाइलमध्ये लिहायच्या यूटीएफ-8 या पद्धतीत देवनागरीचं एक अक्षर तीन बाइटचं असतं आणि एक्सेल त्यातल्या प्रत्येक बाइटला वेगळं इंग्रजी अक्षर समजून दाखवतंय. वर सांगितलं त्याच रस्त्यानं फाइल आत घ्यायची आणि 'फाइल ओरिजिन' मध्ये यूटीएफ-8 निवडायचं, त्याच्या आधी 65001 असा आकडा लिहिलेला असतो. मराठी लगेच दिसायला लागतं.

पण कचऱ्याचा आणखी एक प्रकार आहे आणि तो जास्त त्रास देतो. सोसायटीची 2003 सालची प्रोसिडिंगं, पतसंस्थेचे जुने अहवाल, आजोबांच्या एकसष्टीला डीटीपी करून घेतलेली पुस्तिका, हे सगळं श्रीलिपी, कृतिदेव, शिवाजी असल्या फॉन्टमध्ये केलेलं असतं. त्या फॉन्टची युक्ती अशी की फाइलमध्ये मराठी अक्षर नसतंच, इंग्रजी अक्षरांचे आणि चिन्हांचेच आकडे असतात, फक्त फॉन्टमध्ये त्या जागी 'क' नाहीतर काना नाहीतर अर्धा 'र' काढून ठेवलेला असतो. फॉन्ट आहे तोवर मराठी, फॉन्ट गेला की नुसते कंस आणि डॉलर. वर्डला तो फॉन्ट सापडला नाही की तो गुपचूप दुसरा लावतो आणि तुम्हाला वाटतं फाइल करप्ट झाली. तर आधी सगळा मजकूर सिलेक्ट करून वरती फॉन्टच्या चौकोनात काय नाव दिसतंय ते बघा, वर्ड मूळ फॉन्टचं नाव विसरत नाही. तो फॉन्ट मिळाला तर डबल क्लिक करून 'इन्स्टॉल' दाबा, मजकूर परत उभा राहतो. पण तिथं थांबू नका. फॉन्ट कन्व्हर्टर मिळतात, त्यातनं मजकूर युनिकोडमध्ये करून घ्या, एकदा नजर फिरवून जोडाक्षरं आणि रफार तपासा, तिथंच चुका राहतात, आणि वेगळ्या नावानं ठेवा. आपल्याकडच्या किती संस्थांचा सगळा इतिहास असा एका फॉन्टच्या भरवशावर पडून आहे कुणास ठाऊक. लग्नपत्रिका छापणारे अजून हेच फॉन्ट वापरतात, त्यांचं बरोबर आहे, त्यांच्याकडं जुनी वळणदार अक्षरं आहेत, पण तुमची फाइल घेताना त्यांच्याकडनं सोबत पीडीएफ मागून घ्या, पीडीएफमध्ये बहुतेक वेळा फॉन्ट आतच भरलेला असतो.

आता फाइल सापडतच नाही त्याबद्दल. ब्राउझरमधनं किंवा व्हॉट्सॲप वेबवरनं उतरवलेलं सगळं 'डाउनलोड्स' फोल्डरमध्ये जातं, ब्राउझरमध्ये कंट्रोल जे दाबलं की यादी येते आणि तिथंच फोल्डर दाखवायचं बटण असतं. नाव आठवत नसेल तर फोल्डरमध्ये 'डेट मॉडिफाइड' वर क्लिक करा, आज आलेली वर येते. फाइल आहे पण नाव 'अनकन्फर्म्ड' आणि शेपटी सीआरडाउनलोड असेल तर क्रोममध्ये डाउनलोड पूर्ण झालेलं नाही, ती कितीही दाबली तरी उघडणार नाही, परत उतरवा. साइज 0 केबी दाखवत असेल तर आत काहीच नाही. झिपच्या बाबतीत एक सांगतो, झिपवर डबल क्लिक करून आतली फाइल थेट उघडता येते पण ती कुठल्यातरी टेंपररी फोल्डरमधली कॉपी असते, त्यात तासभर टायपिंग केलं तरी झिपमधली फाइल जशीच्या तशी राहते, म्हणून आधी 'एक्स्ट्रॅक्ट ऑल' आणि मगच काम.

डेस्कटॉपवरच्या फाइली एका दिवशी अचानक गेल्या असं वाटलं तर वनड्राइव्ह बघा, म्हणजे मायक्रोसॉफ्टची इंटरनेटवर फाइली ठेवायची सोय. नवीन लॅपटॉप चालू करताना पटापट 'नेक्स्ट' दाबत गेलं की वनड्राइव्ह तुमचा डेस्कटॉप आणि डॉक्युमेंट्स स्वतःकडं घेतो, फाइलला निळ्या ढगाचं चिन्ह दिसलं की ती इंटरनेटवर आहे, तुमच्या डिस्कवर नाही, आणि नेट नसेल तर उघडणार नाही. राइट क्लिक करून 'ऑलवेज कीप ऑन धिस डिव्हाइस' केलं की उतरते. फुकटची जागा 5 जीबी, ती भरली की पुढं काही चढत नाही आणि रोज नोटिफिकेशन येत बसतं.

नावं देताना तारखेत तिरकी रेघ टाकायला गेलं की विंडोज नाही म्हणतं, कारण ती रेघ फोल्डर वेगळे दाखवायला राखीव आहे, आणि विसर्गासारखी दोन टिंबं, तारा, प्रश्नचिन्ह, दुहेरी अवतरणचिन्ह हेसुद्धा चालत नाही. 2025-03-12 असं आधी साल, मग महिना, मग दिवस लिहा, सगळ्या फाइली आपोआप तारखेनं ओळीत लागतात. नाव मराठीत देता येतं, खुशाल द्या. इंग्रजीत सी-ओ-एन नावाचं फोल्डर होत नाही म्हणून पोरं एकमेकांना पैजा लावतात, त्यात भुताटकी काही नाही, विंडोजच्या आधीच्या डॉसच्या काळात ते नाव कीबोर्ड-स्क्रीनसाठी राखून ठेवलं होतं ते अजून चालू आहे. आणि फोल्डरात फोल्डर, त्यात 'न्यू फोल्डर 2', त्यात आणखी एक असं करत बसू नका, सगळ्या फोल्डरची नावं धरून पूर्ण पाथ 260 अक्षरांच्या पुढं गेला की बरेच प्रोग्राम ती फाइल उघडायला नकार देतात.

एका ड्राइव्हमधल्या एका फोल्डरमधनं दुसऱ्यात कट-पेस्ट केलं की दहा जीबीची फाइलसुद्धा झटक्यात जाते, कारण आकडे जागचे हलतच नाहीत, फक्त नोंद बदलते. दुसऱ्या ड्राइव्हवर न्यायची असेल तर मात्र सगळे आकडे खरंच वाहून न्यायला लागतात. डिलीटही तसंच, नोंद जाते आणि जागा मोकळी म्हणून धरली जाते, साध्या हार्ड डिस्कवर त्या जागी दुसरं काही लिहिलं जाईपर्यंत जुनं परत काढता येतं, म्हणून चुकून उडालं असेल तर आधी कंट्रोल झेड दाबून बघा, मग रिसायकल बिन, आणि तिथंही नसेल तर त्या ड्राइव्हवर काहीही नवीन न टाकता माहितगाराकडं जा. एसएसडी, म्हणजे तबकडीऐवजी चिपवर साठवणारी डिस्क, असेल तर आशा कमी, ती मोकळी जागा स्वतःच लवकर पुसून टाकते. पेनड्राइव्हवरनं डिलीट केलेलं बिनमध्ये येतच नाही.

लग्नाचा व्हिडिओ पेनड्राइव्हवर जाईना, जागा तर 20 जीबी मोकळी दिसतीय, असं झालं तर तो ड्राइव्ह फॅट-32 मध्ये फॉरमॅट केलेला आहे, त्यात 4 जीबीपेक्षा मोठी एक फाइल मावत नाही. आतलं सगळं दुसरीकडं घेऊन तो एक्सफॅटमध्ये फॉरमॅट करा. फक्त घरचा टीव्ही फार जुना असेल तर तो एक्सफॅट वाचेलच असं नाही.

आणि बॅकअप म्हणून सी ड्राइव्हवरचं डी ड्राइव्हवर टाकून ठेवणारे लई आहेत. विंडोज मारताना त्याचा उपयोग होतो, डेस्कटॉप सी वर असतो आणि तो जातो, डी राहतो, इथपर्यंत ठीक. पण बहुतेक घरांत सी आणि डी हे एकाच डिस्कचे दोन वाटे असतात, डिस्क गेली की दोन्ही एकदम जातात. 2019 च्या ऑगस्टमध्ये कृष्णेचं पाणी गावात शिरलं तेव्हा तळमजल्यावरच्या कितीतरी दुकानांत आणि घरांत सीपीयू टेबलाखालीच होते, तिथं सी काय आणि डी काय. घरातले फोटो आणि कागद एका बाहेरच्या हार्ड डिस्कवर घ्या आणि ती विश्रामबागला नाहीतर पुण्याच्या पाहुण्यांकडं, म्हणजे दुसऱ्या घरात ठेवा, महत्त्वाचं तेवढं गुगल ड्राइव्हवरही टाका. आणि डिस्क ओली झालीच तर वाळवून "बघू तरी चालतीय का" म्हणून करंट द्यायचा नाही, आतली तबकडी आणि तिच्यावरनं फिरणारं हेड यांच्यात काही नॅनोमीटरचंच अंतर असतं, गाळाचा एक कण गेला तरी तबकडी खरवडली जाते. चालू न करता तशीच पिशवीत घालून डेटा रिकव्हरीवाल्याकडं द्यायची.